कानाची साक्ष

देअर, देअर, देअर. इंग्रजीतले तीन वेगळे शब्द ओळीने लिहिले आहेत. यांतला 'तिथे' कोणता, 'त्यांचे' कोणता आणि 'ते आहेत' कोणता, हे ओळखून दाखवा! कुणालाच जमणार नाही, कारण देवनागरी ही कानाची लिपी आहे. ऐकू आले ते मांडायचे आणि मोकळे व्हायचे. इंग्रजी स्पेलिंगचा स्वभाव याच्या उलट. शब्द कोणत्या घराण्यातला, त्याचे भाऊबंद कोण, वाक्यात त्याच्याकडे काम कोणते, हे सारे ते अक्षरांत जपून ठेवते. उच्चाराचे काय व्हायचे ते होवो. आपला हात मात्र लहानपणापासून कानाचे ऐकून लिहायला शिकलेला असतो, आणि इंग्रजीत नेमकी कानाचीच साक्ष ग्राह्य धरत नाहीत.

हा अनुभव आपल्याला अगदी परका आहे असेही नाही. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुर' देव आणि 'सूर' गळ्यातला. 'सलिल' पाणी आणि 'सलील' लीलया. बोलताना यांतला फरक किती जण करतात? लिहिताना मात्र चुकले की 'महाराष्ट्र दीन' होतो. म्हणजे सारखे ऐकू येणारे शब्द अक्षरांवरून वेगळे ठेवण्याची कसरत आपण मराठीतही करतोच, फक्त ती ह्रस्व-दीर्घापुरती असते. इंग्रजीत तिचा पसारा फार मोठा आहे.

इतका मोठा का, हे कळले तर अर्धी भीती जाते. यांतले बरेच शब्द मुळात सारखे ऐकू येतच नव्हते. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि तिथून पुढे इंग्रजी शब्दांची रूपे हळूहळू शिशाच्या खिळ्यांत अडकत गेली. त्याच काळात, म्हणजे ढोबळमानाने 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत, इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकत होते. अक्षरे थांबली, उच्चार चालत राहिले. भेटण्याचा 'मीट' दोन ई घालून लिहितात आणि मांसाचा 'मीट' ई-ए घालून, कारण त्या दोन स्वरांचे उच्चार तेव्हा वेगळे होते. शेपटीचा 'टेल' आणि गोष्टीचा 'टेल' यांचेही तसेच. शेपटीतला 'ए-आय' हा तेव्हा खरोखर दोन स्वरांचा जोड होता. 'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदार. यांतल्या सरदाराच्या डोक्यावरचा 'के' एके काळी ठणठणीत उच्चारला जाई, आणि दोघांच्याही पोटातला 'जी-एच' घशातून खाकरल्यासारखा निघे.

थोडक्यात, ज्याला आपण मुके अक्षर म्हणतो ते बहुधा मेलेल्या उच्चाराचा सांगाडा असते. आणि सांगाड्यावरून कूळ ओळखता येते! 'टू' या आकड्याच्या स्पेलिंगमध्ये 'डब्ल्यू' कशाला, असे प्रत्येक मूल एकदा तरी विचारते. 'ट्विन', 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह', 'बिट्वीन' हे शब्द शेजारी ठेवा. दोनपणाशी नाते सांगणाऱ्या या साऱ्या घराण्यात टी आणि डब्ल्यू जोडीने येतात. आकड्यात फक्त डब्ल्यूचा आवाज बसला आहे. एकदा हे दिसले की आकडा कधी चुकत नाही. उरलेल्या दोन 'टू'पैकी 'फार' किंवा 'सुद्धा' या अर्थाच्या 'टू'ला जास्तीचा 'ओ' असतो. जास्त म्हणजे जास्तीचा ओ, झाले काम.

सुरुवातीच्या तीन 'देअर'नाही असेच कुळावरून पकडता येते. जागा दाखवणाऱ्या 'देअर'च्या पोटात 'हिअर', म्हणजे 'इथे' हा शब्द अख्खाच्या अख्खा बसलेला आहे. 'व्हेअर', म्हणजे 'कुठे', याच्याही पोटात तोच. इथे, तिथे, कुठे ही आपल्याकडेही एकाच साच्यातली भावंडे आहेत. 'त्यांचे' या अर्थाच्या 'देअर'मध्ये 'एअर' म्हणजे वारस हा शब्द लपलेला आहे, एच-ई-आय-आर असा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा निव्वळ योगायोग, पण मालकीचा शब्द आणि आत वारस, अशी खूणगाठ सुटत नाही. तिसऱ्याच्या डोक्यावर टांगलेला स्वल्पविराम असतो, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी. तो 'दे आर' असा सोडवून वाचायचा.

या टांगलेल्या स्वल्पविरामापाशी जरा थांबायला हवे, कारण इंग्रजी उत्तम जाणणारे लोक जी चूक सर्वांत जास्त करतात ती इथली आहे. 'इट्स' दोन आहेत. ॲपॉस्ट्रॉफी असलेला म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'. नसलेला म्हणजे 'त्याचे'. चूक अज्ञानातून होत नाही, उलट एक नियम फार चांगला पाठ असल्यामुळे होते. 'रामाचे' लिहायचे तर नावाला ॲपॉस्ट्रॉफी आणि एस लावायचा, हे हाताला इतके सवयीचे असते की 'त्याचे' लिहितानाही हात तेच करतो. पण पुरुषवाचक सर्वनामांना तो नियम नाही. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स' या कुणालाच ॲपॉस्ट्रॉफी नसते, मग 'इट्स'ला तरी का असावी? गंमत अशी की खुद्द इंग्रजीनेही इथे बराच काळ चाचपडत काढला. सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निर्जीव वस्तूलाही 'हिज' हेच चाले. 'इट्स' त्यानंतर रुळला. सतराव्या-अठराव्या शतकांत तो ॲपॉस्ट्रॉफी घालूनही सर्रास लिहीत. म्हणजे आज जिला ढोबळ चूक म्हणतात ती एके काळची चालू रीत होती.

कसोटी एकच आहे आणि ती कधी दगा देत नाही. शब्द सोडवून वाचा. 'इट इज' किंवा 'इट हॅज' म्हणून वाक्य धड राहिले तर ॲपॉस्ट्रॉफी, नाहीतर नाही. 'युअर' आणि 'यू आर', 'हूज' आणि 'हू इज' यांनाही हीच कसोटी. त्यात 'कदाचित', 'शक्यतो' असे काही नाही. शंभरातल्या शंभर वेळा लागू पडते. व्याकरणात इतके खात्रीचे नियम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

खरी डोकेदुखी वेगळ्याच जोड्यांची असते. मूळ शब्द एक, पुढे अर्थ फुटला, आणि मग दोन अर्थांना दोन स्पेलिंगे वाटून दिली, अशा जोड्या. यांत उच्चार तर सारखा असतोच, वर अर्थाचीही नाळ पुरती तुटलेली नसते. पिठाचा 'फ्लावर' आणि फुलाचा 'फ्लावर' हा एकच शब्द. दळलेल्या धान्यातला निवडक, उत्तम भाग म्हणजे त्याचे 'फूल'. पिठाचे वेगळे स्पेलिंग पक्के व्हायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. धातूचा 'मेटल' आणि अंगातल्या धमकेचा 'मेटल' हाही एकच. माणूस कोणत्या धातूचा बनला आहे असे आपण म्हणतोच की. 'दॅन' आणि 'देन' हे देखील मुळात एकच, 1700 च्या सुमारास त्यांची कायमची फारकत झाली. तुलना असेल तर 'ए'वाला, वेळ किंवा क्रम असेल तर 'ई'वाला. 'कम्पॅरिझन'मध्ये 'ए' आहे, 'टाइम'मध्ये 'ई' आहे, एवढे पुरते.

'डिस्क्रीट'च्या जोडीची खूणगाठ तर अक्षरांनी स्वतःच बांधून ठेवली आहे. एकाचा अर्थ 'तोंड सांभाळून वागणारा', दुसऱ्याचा 'सुटासुटा, अलग'. सुटासुटा या अर्थाच्या शब्दात शेवटचे दोन 'ई' मध्ये 'टी'ची भिंत घालून सुटे केलेले आहेत. सांभाळून वागणाऱ्यात ते दोघे चिकटून बसून कुजबुजत आहेत. गणितातली 'डिस्क्रीट' शाखा ही सुट्या, मोजता येणाऱ्या वस्तूंची, म्हणून तिथे भिंत हवी. ती काढली तर गणित एकदम मितभाषी होते.

'स्टेशनरी'ची कथा मात्र साऱ्यांत मजेची आहे. 'ए-आर-वाय' अंती असेल तर 'स्थिर, जागचे न हललेले'. 'ई-आर-वाय' अंती असेल तर कागद, पाकिटे, पेन. दोघांचा उगम एकाच लॅटिन शब्दात, आणि मधला दुवा आहे तो दुकानदार. मध्ययुगात बहुतेक विक्रेते पाठीवर माल घेऊन गावोगाव फिरत. पुस्तके आणि लेखनसाहित्य विकणारा मात्र विद्यापीठाच्या आसपास ठिय्या मांडून बसे, जागा सोडत नसे. म्हणून तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये या मंडळींचा संघ 1403 मध्ये उभा राहिला आणि 1557 मध्ये त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. खूणगाठ यातूनच निघते. दुकानदार 'ई-आर' वर संपतो, बेकर संपतो तसा. बेकरला 'वाय' जोडला की बेकरी, स्टेशनरला 'वाय' जोडला की स्टेशनरी. 'एन्व्हलप'मधला 'ई' लक्षात ठेवा असे शाळेत सांगतात, तेही चालते, पण दुकानदार एकदा डोळ्यांसमोर आला की पाकिटाची गरज राहत नाही.

इथे खूणगाठींविषयी एक तक्रार नोंदवतो. यमक किंवा कोटी करून बांधलेल्या गाठी फार वेळा अर्ध्याच उपयोगी पडतात. 'प्रिन्सिपल' घ्या. 'प्राचार्य हा तुमचा पॅल, म्हणजे मित्र, म्हणून शेवटी पी-ए-एल' असे शिकवतात. प्राचार्यांपुरते ठीक. पण कर्जाच्या मुद्दलालाही तोच शब्द, 'मुख्य कारण' या विशेषणालाही तोच. मुद्दल काही कुणाचा मित्र नसतो, आणि तिथे पोचल्यावर शिकलेली गाठ सुटते. त्यापेक्षा दुसऱ्या टोकाने धरावे. 'एल-ई' अंती असलेल्या शब्दाला एकच अर्थ आहे, 'तत्त्व'. आणि तो फक्त नामच असतो. 'रूल' म्हणजे नियम, त्याच्याही शेवटी 'एल-ई'. तत्त्व किंवा नियम म्हणायचे नसेल तर डोळे मिटून 'ए-एल'. ज्या शब्दाचे काम कमी, त्याला पाठ करावे. उरलेला सगळा प्रदेश दुसऱ्याचा.

'कॉम्प्लिमेंट' या जोडीलाही हीच युक्ती लागू पडते. दोघेही 'पुरे भरणे' या लॅटिन धातूपासून आले, पण एक थेट आला आणि दुसरा दरबारी शिष्टाचाराच्या भाषांतून फिरून. 'ई'वाला पूरक: 'कम्प्लीट'मधला 'ई' तसाच टिकलेला. ज्या दोन कोनांची बेरीज 90 अंश होते ते 'ई'वाले. उरलेली सगळी स्तुती, शुभेच्छा आणि फुकटात मिळालेली वस्तू 'आय'वाली. फुकट न्याहारीच्या पाटीवर 'ई' पडला, तर ती न्याहारी कशाला तरी पूरक आहे असा अर्थ निघतो. कशाला, ते गिऱ्हाइकाने शोधायचे.

आता 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'. इंग्रजी लोक पहिला स्वर इतका गिळतात की दोन्ही जवळपास एकच ऐकू येतात. नियम सोपा सांगतात: 'ए'वाला क्रियापद, 'ई'वाला नाम. तरीही मराठी लेखक इथे हमखास चुकतो, आणि त्याचे कारण मराठी वाक्यातच आहे. 'पावसाचा पिकांवर परिणाम झाला' असे आपण म्हणतो. यात 'परिणाम' नाम आहे आणि क्रियापदाचे ओझे 'झाला'वर टाकलेले आहे. इंग्रजीत मात्र 'परिणाम होणे' हे अख्खे एका क्रियापदात मावते. मनातल्या मराठी वाक्यात 'परिणाम' हे नाम घोळत असते, म्हणून हात नामवाचक 'ई'वाला शब्द उचलतो आणि त्यालाच भूतकाळाचा 'ई-डी' चिकटवतो. म्हणून मराठीत अनुवाद करून पाहण्याची कसोटी इथे उपयोगाची नाही. ती आणखी खड्ड्यात घालते. इंग्रजी वाक्यातच बघा. शब्दाच्या आधी 'अ', 'ॲन', 'द' किंवा एखादे विशेषण आहे का? मग 'ई'. आधी 'विल', 'कॅन', 'मे' आहे का, किंवा शेवटी 'ई-डी', 'आय-एन-जी' लागते आहे का? मग 'ए'.

दोन अपवाद आहेत आणि ते सांगितले नाहीत तर जाणकार लगेच बोट दाखवतील. 'ई'वाला कधी क्रियापद होतो, तेव्हा अर्थ 'घडवून आणणे'. बदलावर परिणाम करणे आणि बदल घडवून आणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा ठराव किंवा करार लिहिताना हे एक अक्षर जपून टाकावे. 'ए'वाला कधी नाम होतो, मानसशास्त्रात, चेहऱ्यावर आणि वागण्यात दिसणाऱ्या भावस्थितीसाठी; तेव्हा आघात पहिल्या अवयवावर येतो, 'ॲफेक्ट'. तुम्ही मानसशास्त्रावर लिहीत नसाल तर हा दुसरा अपवाद विसरून जा.

नाम-क्रियापदाचीच आणखी एक वाटणी आहे, 'सी' आणि 'एस'ची. ब्रिटिश रीतीने 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' नाम असतील तर 'सी', क्रियापद असतील तर 'एस'. ऐकून काहीच कळत नाही. किल्ली आहे 'ॲडव्हाइस'पाशी. सल्ला म्हणजे 'ॲडव्हाइस', सल्ला देणे म्हणजे 'ॲडव्हाइझ'. इथे फरक ऐकू येतो, आणि नामाला 'सी', क्रियापदाला 'एस' हे त्यावरून ताडता येते. शंका आली की त्या जागी 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' आळीपाळीने ठेवून बघायचे. म्हणून हातात असतो तो परवाना 'सी'चा, पण परवानाधारक, म्हणजे 'लायसन्सी', 'एस'चा. कारण तो क्रियापदापासून झाला. 'लायसन्स्ड' या विशेषणातही 'एस'च, आणि तिथे 'सी' घालणे ही दुकानांच्या पाट्यांवरची फार जुनी चूक. अमेरिकन रीत निराळी: तिथे 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी', 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस'. दोन्ही रीती बरोबर आहेत. एकाच मजकुरात दोन्ही मिसळणे बरोबर नाही. मोजायचा 'मीटर' आणि मोजण्याचे यंत्र 'मीटर', बँकेचा 'चेक' आणि तपासणीचा 'चेक', इमारतीचा मजला आणि सांगायची गोष्ट या दोन 'स्टोरी', अशा आणखी काही जोड्या ब्रिटिश लेखनात वेगळ्या आणि अमेरिकन लेखनात एकरूप आहेत.

यावरून एक प्रश्न उभा राहतो: सारखे ऐकू येतात म्हणजे कोणाला? दक्षिण इंग्लंडमध्ये 'कोर्ट' आणि 'कॉट', म्हणजे पकडला, हे दोन्ही एकच, कारण तिथे असा 'आर' उच्चारत नाहीत. अमेरिकनाला ते वेगळे ऐकू येतात, पण त्याच्या तोंडी 'लॅटर' आणि 'लॅडर' एक होतात. स्कॉटलंडमध्ये पुष्कळ जण 'कोणता'चा 'विच' फुंकर मारून म्हणतात आणि चेटकिणीचा 'विच' फुंकरीवाचून. आणि मराठी कानाची स्वतःची यादी आहे, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. तिथल्या लेखकांना हे शब्द मुळात सारखे वाटतच नाहीत!

त्या यादीत पहिला मान 'लूज'चा. आपल्याकडे नट 'लूज' होतो, शर्ट 'लूज' होतो. म्हणजे 'सैल' या अर्थाचा इंग्रजी शब्द, जो खरे तर 'लूस' आहे, तो आपण 'ज' लावूनच मराठीत घेतला. 'हरवणे' किंवा 'हरणे' याचा उच्चार खरोखर 'लूझ' आहे. झाले, दोन शब्द एका खुंटीवर. इंग्रजी मातृभाषा असलेलेही इथे चुकतात, पण त्यांचे कारण वेगळे: 'चूझ' या शब्दात दोन 'ओ' आहेत, मग 'लूझ'मध्ये एकच कसा, असे हाताला वाटते. उत्तर असे की हरवणाऱ्याने एक 'ओ'ही हरवला आहे. 'लॉस्ट' आणि 'लॉस' यांतही एकच 'ओ' आहे, हे पाहिले की खात्री पटते.

दुसरा मान ह्रस्व-दीर्घाचा. 'गरीब', 'वकील', 'मूल', 'सून' यांत शेवटून दुसऱ्या अक्षरातला इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा आपला नियम, आणि तो आपल्या उच्चाराला धरूनच आहे. पण याच सवयीने इंग्रजी 'फुल' म्हणजे भरलेला 'फूल' म्हणजे मूर्ख होतो, 'लिव्ह' म्हणजे राहणे 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे होते, आणि जहाजाची मेंढी होते. राहायला आलो म्हणायचे आणि निघून गेलो असे लिहायचे, ही चूक कानाची नव्हे, आपल्या शुद्धलेखनाची आहे.

तिसरीकडे मात्र मराठीला एक लाभ आहे, जो आपण वापरतच नाही. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' बोलताना आपण एकच करतो. पण लिहिताना 'व्हॅन', 'व्हिडिओ' असा 'व्ह' आणि 'वॉच', 'वाइन' असा साधा 'व' वापरतो. वेल म्हणजे 'व्हाइन' आणि मद्य म्हणजे 'वाइन'. बनियन 'व्हेस्ट' आणि पश्चिम 'वेस्ट'. देवनागरीत शब्द कसा लिहिला असता हे मनात आणले की 'व्ही' की 'डब्ल्यू' याचे उत्तर बहुधा मिळते. कधी नव्हे ती आपली लिपी इथे मदतीला येते. 'व्हेअर', 'व्हाइट' असे 'डब्ल्यू-एच'चे शब्द मात्र याला अपवाद. तिथेही आपण 'व्ह' लिहितो, पण तो त्यातला 'एच' पाहून.

भूतकाळाने घातलेले दोन सापळे उरले. 'लीड' म्हणजे नेतृत्व करणे. भूतकाळ 'लेड', तीन अक्षरी, एल-ई-डी. पण 'रीड'चा भूतकाळ 'रेड' हा स्पेलिंग न बदलता होतो, त्याच्या नादाने लोक इथेही चार अक्षरे ठेवतात. चार अक्षरी 'लेड' आहे खरा, पण तो शिसे हा धातू. 'दिशाभूल केली' याच्या 'मिसलेड'मध्येही तीच चूक होते. दुसरा सापळा 'पास्ट'. 'पास' या क्रियापदाचा भूतकाळ दोन एस आणि 'ई-डी' घेतो. बाकी भूतकाळ, गेलेला, पलीकडून, ओलांडून हे सारे 'पी-ए-एस-टी'. वाक्यात आधीच दुसरे क्रियापद असेल, जसे 'तो दारावरून चालत गेला' यातले 'चालत जाणे', तर 'ई-डी'ला तिथे जागा नाही.

वाक्प्रचारांत तर शब्द चुकला की आख्खे चित्र बदलते. 'जरा सांभाळून घ्या' म्हणायला इंग्रजीत 'बेअर विथ मी' म्हणतात. तो 'बेअर' सहन करण्याचा, म्हणजे अस्वलाच्या स्पेलिंगचा. दुसरा 'बेअर' उघडा-नागडा. तो लिहून पाठवलेले पत्र म्हणजे माझ्यासह कपडे उतरवा अशी विनंती होते. कुतूहल चाळवणे यातला 'पीक' फ्रेंच, पी-आय-क्यू-यू-ई. टोचणे हा त्याचा मूळ अर्थ. शिखराचा किंवा चोरून पाहण्याचा 'पीक' तिथे चालत नाही. 'श्वास रोखून' यातला 'बेटेड' हा 'अबेटेड'चा तुकडा, म्हणजे कमी केलेला. आमिषाच्या 'बेट'शी त्याचा संबंध नाही. 'केले तसे भोगले' या अर्थाच्या 'डेझर्ट्स'मध्ये एकच 'एस' आहे, कारण तो 'डिझर्व्ह'चा नातेवाईक. दोन 'एस' घातले तर जेवणानंतरचे गोड. आणि नाटककार, 'प्लेराइट', हा लिहिणारा असूनही 'राइट' म्हणजे लिहिणे त्यात नाही. तिथे 'राइट' म्हणजे कारागीर, चाके बनवणाऱ्याच्या नावात येतो तोच, डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी. नाटक लिहीत नाहीत, घडवतात!

तपासायचे कसे? लिहून झालेला मजकूर मोठ्याने वाचा, असा सल्ला सर्वत्र मिळतो. वाक्यरचनेसाठी तो उत्तम आहे, पण इथे अगदी निरुपयोगी, कारण फितूर झालेल्या कानालाच पुन्हा पंच नेमल्यासारखे होते. साधा स्पेलचेकरही गप्प राहतो. त्याच्या लेखी दोन्ही शब्द कोशात आहेत आणि दोन्ही बरोबर. संदर्भ पाहणारे नवे तपासनीस काही चुका पकडतात, काही नव्या करतात. फोनवर ॲपॉस्ट्रॉफी नको तिथे आपोआप टपकते ती यातूनच. बोलून टंकलेखन करणारे यंत्र शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधते, म्हणून लांब वाक्यात ते बरे चालते आणि दोन-तीन शब्दांच्या निरोपात हमखास गडबडते.

खात्रीची पद्धत कंटाळवाणी आहे. स्वतःच्या चुकांची यादी करायची, दहा-पंधरा जोड्यांची. वीसच्या वर गेली तर समजा ती पुस्तकातून उतरवली आहे. माणूस ठरावीक जोड्यांतच पुनःपुन्हा चुकतो. मजकूर संपला की आशयाकडे न बघता, शोधाच्या चौकटीत यादीतला एकेक शब्द टाकायचा आणि जिथे जिथे सापडेल तिथे थांबून त्याची कसोटी लावायची. दोन्ही रूपे शोधायची, फक्त संशयित नव्हे. दोन हजार शब्दांच्या मजकुराला दहा-पंधरा मिनिटे लागतात. वाचत गेलो तर डोळा वाक्याबरोबर वाहून जातो आणि हवा तो शब्द वाचतो. शोधत गेलो तर शब्द एकटा, वाक्यातून उपटून काढल्यासारखा समोर येतो.

कधी कधी अर्थात गोंधळच जिंकतो. बेटाला 'आयलंड' म्हणतात, त्यात 'एस' का? मूळ इंग्रजी शब्दात तो कधीच नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या 'आइल' या दुसऱ्या शब्दाच्या सहवासाने लोकांनी तो घातला. पुढे खुर्च्यांच्या रांगांमधली वाट, तीही 'आइल', हिलाही तो 'एस' चिकटला. तिचा मूळ अर्थ 'पंख', बेटाशी सुतराम संबंध नाही. दोन्ही चुका आज कोशात बिनतक्रार नांदत आहेत. याच वाटेवर सध्या 'फ्री रेन' आहे, 'मोकळीक देणे' या अर्थाचा. तो लगाम सैल सोडण्यातून आला, आर-ई-आय-एन. पण घोडे आता रोजच्या पाहण्यातले राहिले नाहीत, आणि राजाला मोकळीक असते हे सर्वांना पटते, म्हणून मध्ये 'जी' घालून राज्य करण्याचा 'रेन' लिहिणारे पुष्कळ दिसतात. आजचे संपादक त्यावर अजून लाल रेघ ओढतात, तेव्हा 'जी' वगळूनच लिहावा.